फोरमनचं साधं ऑइल

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि त्याचाच मला राग येतो. पण त्या रविवारी जे झालं त्यात मी आधी रागावले नव्हते, हे सांगून ठेवते. आधी माझी वाचाच बसली होती. राग मागाहून आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

आमचे सासरे बसच्या डेपोत फोरमन होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत, दुकानात, दवाखान्यात सगळे त्यांना फोरमनच म्हणतात. मी तोंडावर बाबा म्हणते आणि पाठीमागे फोरमन. माणसाचं सगळं आयुष्य बसच्या पोटाखाली गेलं. तिथे दिवे असून नसल्यासारखे. कुठला नट ढिला, कुठला झिजलेला, हे बोटांनी चाचपून सांगायचं. "आमच्या हाताला डोळे होते," हे वाक्य मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकतेय. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरणारा माणूस त्यांच्या लेखी नवशिका. आमचे हे लहान असताना एकदा टॉर्च घेऊन मदतीला गेले, तर "लग्नात आलायस का रोषणाई करायला?" असं ऐकून परत आले.

त्यामुळे आमची गाडी गॅरेजचं तोंड पाहत नाही. ऑइल घरीच बदलायचं, अंगणात, आणि तेही साधं. सिंथेटिक हा शब्द काढला की फोरमनच्या कपाळाला आठ्या.

"सिंथेटिक हे विकणाऱ्याच्या सोयीसाठी असतं," ते म्हणायचे. "आपली गाडी फिरते कुठे? शाळा, बाजार, घर. तिला साधं ऑइल बास. ग्रेड कंपनीनं सांगितलेला हवा, डब्याचं सील धड हवं आणि बदलायचं वेळेवर. बदलायचा आळस करायचा आणि महागडं ऑइल घालून मनाचं समाधान करून घ्यायचं, हे सगळे चोचले."

यात खोटं काहीच नव्हतं. आमची आधीची गाडी साध्या ऑइलवर म्हातारी होऊन गेली, पण इंजिनानं कधी हूं की चूं केलं नाही. ती विकून आम्ही ही सेकंडहँड घेतली, गिअर बदलावे न लागणारी, ऑटोमॅटिक. कारण फोरमनचा डावा गुडघा. क्लच दाबताना ते दात आवळायचे. आणि गाडी तर त्यांनाच चालवायची होती, कारण आमच्या कंडक्टरला शाळेत तेच पोचवायचे.

कंडक्टर म्हणजे माझी लेक. दुसरीत आहे. हे नाव आजोबांनीच ठेवलेलं. गाडीत पुढच्या सीटवर बसायचं आणि डॅशबोर्डवर पेन्सिल आपटायची. एकदा आपटली की थांबा, दोनदा आपटली की चला. बसमधल्या घंटीसारखं. "टिंग टिंग" असं तोंडानं पण म्हणायची. डॅशबोर्डला पेन्सिलीच्या टोकानं खळगे पडले म्हणून मी तिला दोनदा झोडपायची बाकी ठेवली होती. फोरमन मध्ये पडले. "खेळू दे गं. गाडी काय, लोखंड आहे."

आमचे हे छापखान्यात कामाला, सकाळी अंधारात घर सोडतात. मी चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांना भिंतीवरच्या अक्षरांसमोर बसवते आणि म्हणते, एक डोळा झाका, खालची ओळ वाचा. दुकान उघडायची वेळ आणि शाळा भरायची वेळ एकच. तेव्हा फोरमन होते म्हणून माझं निभत होतं. रोज सकाळी मी फाटकात उभी राहून हात हलवायची, कंडक्टर दोनदा पेन्सिल आपटायची आणि गाडी निघायची. गल्लीच्या वळणाला गाडी दिसेनाशी झाली की मी निर्धास्त होऊन कुलूप लावायची. निर्धास्त. हा शब्द मला आता लिहवत नाही.

तर ऑइल. शनिवारी फोरमन म्हणाले, "या खेपेला तू शिक. मी काय जन्माला पुरणार आहे का?"

मला बरं वाटलं. या घरात पाना हातात घेण्याचा मान आजवर कोणाला मिळाला नव्हता, सख्ख्या मुलालाही नाही. मी दुपारी दुकानातून परस्पर स्पेअरपार्टवाल्याकडे गेले. फोरमन आणि कंडक्टर आधीच येऊन थांबले होते. दुकान म्हणजे एक लांबट बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत डबे, मध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी वाट. फोरमन सरळ आत गेले, डावीकडच्या रॅकवर हात घातला आणि एक डबा काउंटरवर आणून ठेवला.

स्पेअरवाला हसला. "फोरमन, ते कूलंट आहे. ऑइल आता समोर लावलंय."

"माहितीये," फोरमन म्हणाले. "सुनेची परीक्षा घेत होतो. काय गं, तुझ्या लक्षात आलं का?"

मी म्हटलं, "मला कुठे ठाऊक कुठल्या डब्यात काय असतं. मी काय आईच्या पोटातून शिकून आले?"

"मग वाच. डब्याच्या पाठीमागचं सगळं मोठ्यानं वाच."

मी वाचलं. एक डबा साधा, दुसरा अर्धा साधा अर्धा सिंथेटिक, तिसरा पुरता सिंथेटिक. ते मान जराशी वळवून, भलतीकडेच बघत ऐकत होते. त्यांची ही जुनी तऱ्हा. गेलं वर्षभर तर ते कोणाशीच समोरासमोर बघून बोलत नसत, गाल पुढे करून तिरपं बघायचे. मला वाटायचं फोरमनचा तोरा आहे. हाताखालच्या माणसाशी बोलतायत.

"ग्रेड काय लिहिलाय? आणि गाडीच्या ऑइलच्या झाकणावर काय होता?"

झाकणावरचा ग्रेड त्यांनी मलाच सकाळी बघायला लावला होता. तो मी सांगितला. जुळत होता.

"मग साधं घे. आणि हे बघ, सुटं ऑइल कोणी कितीही स्वस्त दिलं तरी घ्यायचं नाही. आत कोणाच्या गाडीतलं काय गाळून ओतलंय, देव जाणे." त्यांनी डबा उचलला, सीलवरून अंगठा फिरवला, कानाशी हलवून बघितला. "चांगला आहे."

स्पेअरवाल्यानं एकदा सिंथेटिकची भलावण करून बघितली. गाडी ऑटोमॅटिक आहे, नव्या पद्धतीची आहे, वगैरे. फोरमन म्हणाले, "तू डबे विक, मला इंजिन नको शिकवू." आणि आम्ही साधं ऑइल आणि एक फिल्टर घेऊन घरी आलो. येताना गाडी फोरमननीच चालवली. मी मागे बसले होते, मोबाइलवर दुकानातले निरोप वाचत. पुढे पेन्सिल वाजत होती. मी वर मान करूनसुद्धा बघितलं नाही.

रविवारी सकाळी हे ओव्हरटाइमला गेले. फोरमननी गाडी थोडा वेळ चालू ठेवली, ऑइल गरम झालं की भराभर गळतं म्हणून. मग पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या. ठोकळ्यांवर चढवताना कंडक्टर समोर उभी राहून दोन्ही हात हलवत होती, आणखी, आणखी, बस. मला त्याचं कौतुक वाटलं. आजोबा-नातीचं काय जमतंय, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

फोरमन पोत्यावर उताणे झाले आणि सरकत गाडीखाली गेले. मी शेजारी गुडघे टेकून बसले, जुनं प्लॅस्टिकचं घमेलं घेऊन. मी टॉर्च काढला तर आतून आवाज आला, "तो ठेव. माझ्या डोळ्यांवर येतो."

मग शिकवणी सुरू झाली. चेंबर म्हणजे इंजिनाचं पोट, ऑइल तिथे साठतं. त्याच्या बुडाला एक बोल्ट. आधी हातानं चाचपायचा, मग पाना लावायचा. उघडताना हात बाजूला ठेवायचा, नाहीतर गरम ऑइल कोपरापर्यंत येतं. "हा बघ, सापडला," ते म्हणाले. पान्याचा एक झटका, दुसरा झटका, मग बोटांनी फिरवणं. "घमेलं सरकव. अजून आत. हं."

ऑइल पडायला लागलं.

"बघ," फोरमन म्हणाले, "कसं काळंकुट्ट झालंय ते."

मी बघितलं. घमेल्यात लालभडक धार पडत होती. डाळिंबाच्या रसासारखी, नितळ, पार बूड दिसेल अशी.

ते आतून बोलतच होते. धारेत दोन बोटं धरून चोळत होते. "आणि पातळ बघ किती. पार पाणी झालंय. त्या आधीच्या मालकानं सिंथेटिक घातलं असणार. लोकांना वाटतं महाग म्हणजे चांगलं. हे बघ, काळं आणि पाणी. आपलं साधं ऑइल काळं होईल, पण असं पाणी व्हायचं नाही."

मला हसू आलं. म्हटलं, झाली यांची परीक्षा सुरू. काल कूलंट, आज हे. मी अशी फसणार नव्हते.

"काळं कुठलं, बाबा," मी म्हटलं. "लाल आहे की. चांगलं लालभडक."

आता शाबास म्हणतील, म्हणून मी वाट बघत राहिले. गाडीखालून काहीच आवाज आला नाही. धार पडायचा तेवढा आवाज.

"बाबा?"

"लाल?" ते म्हणाले.

"लाल."

"लाल म्हणजे कसं लाल?"

"म्हणजे काय? तुमच्या हातावर आहे की सगळं."

मी वाकून आत बघितलं. त्यांनी तो हात स्वतःच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर धरला होता. मनगटापर्यंत लाल झाला होता. ते त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली, गाल पुढे केला आणि तिरपं बघितलं. मग दुसऱ्या बाजूनं. मग हात नाकाशी नेला आणि वास घेतला.

दुकानात अशी माणसं येतात. डोळ्याचा पडदा मधोमध झिजलेली. समोरच्याचं तोंड दिसत नाही म्हणून ती मान वळवून कडेनं बघतात. त्यांना चष्म्याचा नंबर वाढवून काही उपयोग नसतो, म्हणून आम्ही त्यांना डॉक्टरांकडे धाडतो. मी अशी माणसं दारातून आत येतानाच ओळखते. आणि हा माणूस रोज माझ्या समोर बसून चहा पीत होता.

"बाहेर या," मी म्हटलं.

"थांब, बोल्ट लावतो."

"आधी बाहेर या."

ते आले. उठून पायरीवर बसले. मी त्यांच्या समोर उभी राहिले, फिल्टरचं खोकं हातात धरून. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "माझ्या हातात काय आहे?"

"चेष्टा करतेस म्हाताऱ्याची?"

"काय आहे, बाबा?"

त्यांनी मान वळवली. मी खोकं त्यांच्या नजरेच्या कडेवरून काढून पुन्हा मधोमध आणलं. त्यांनी पुन्हा मान वळवली. शेवटी म्हणाले, "असेल काहीतरी."

मी मटकन खाली बसले. अंगणाच्या फरशीवरच. गेल्या दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी मीच त्यांना दुकानात नेलं होतं, नवा चष्मा भेट म्हणून. अक्षरांसमोर बसायला त्यांनी साफ नकार दिला. "घरचा माणूस आहे, मशीनवर निघेल तो नंबर घाल." मी हसत हसत घातला. चष्मा लावून बाहेर आले आणि म्हणाले झकास दिसतंय. मी फ्रेमवर सूट मिळवली म्हणून घरी येऊन फुशारकी मारली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मधलं गेलंय फक्त. कडेचं दिसतं. चालताना काही अडत नाही."

"चालताना? बाबा, तुम्ही काल गाडी चालवलीत. परवा चालवलीत. रोज चालवताय. तिला घेऊन."

"एक ओरखडा आलाय का गाडीला?" ते म्हणाले. आवाज फोरमनचाच होता, पण हातावरचं लाल ऑइल त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर ठिबकत होतं. "रस्ता मला पाठ आहे. वळणं पाठ आहेत. हाताला कळतं सगळं."

"समोरचं माणूस हाताला कळतं का?"

आणि मग माझा आवाज चढला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आठवतं ते सांगण्यासारखं नाही. सासऱ्यांशी असं बोलायचं नसतं, एवढं कळत होतं तरी थांबता येत नव्हतं. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

कंडक्टर खडूनं फरशीवर चौकोन काढत होती. ती उठली, आजोबांच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आई, ओरडू नको ना त्यांना," ती म्हणाली. "मी सांगते की."

"काय सांगतेस?"

"सगळं. लाल लागला की एक टिंग. हिरवा लागला की दोन. सायकल आली तर सायकल म्हणते. कोणी रस्ता ओलांडत असलं की मोठ्यानं टिंग करते." तिला माझा चेहरा बघून वाटलं असावं की मला पटत नाहीये. "अगं, मला येतं. मी कधीच चुकत नाही. म्हणून तर मी पुढे बसते."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय हे मी इतके दिवस नुसतं बोलण्यात वापरत होते. त्या क्षणी मी फरशीवर बसलेली होते आणि तरी मला धरायला काहीतरी हवं होतं. मी पोरीचा हात धरला. दुधाचे दात पडायचेत तिचे अजून. बुटाची नाडी नीट बांधता येत नाही. आणि ती गाडी चालवत होती.

"हे आपल्या दोघांतच ठेवायचं होतं ना, कंडक्टर," फोरमन हळूच म्हणाले.

"तुम्ही तिला गप्प राहायला सांगितलंत," मी म्हटलं.

"सांगितलं."

मी उठले आणि गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसले, तिच्या जागेवर. का बसले कोण जाणे. समोर डॅशबोर्डवर ते खळगे होते, ज्यांच्यावरून मी तिला बोलले होते. इतके दिवस मला ते नुसतं खराब केलेलं प्लॅस्टिक वाटत होतं. आता मी त्यांच्यावर बोट ठेवलं तर एकेक खळगा म्हणजे एकेक सिग्नल होता, एकेक माणूस रस्ता ओलांडणारा. किती होते ते. मला मोजवेनात. मी तिथे बसून तोंडावर हात दाबून रडले, कारण पोरीनं बघितलेलं मला नको होतं.

मग एक विचार आला आणि रडणंही थांबलं. फोरमननी बरोबर बोल्ट उघडला असता तर? इंजिनाचं जुनं ऑइल काळंच असतं. ते न बघताच काळं म्हणाले असते, आणि ते काळंच असतं. मी म्हटलं असतं, हो बाबा, केवढं काळं. नवं ऑइल ओतलं असतं, चहा केला असता, आणि सोमवारी सकाळी फाटकात उभी राहून हात हलवला असता. जुन्या गाडीत त्या जागी एकच बोल्ट होता, चेंबरचा. या गाडीत, हे मागाहून कळलं, तिथे गिअरबॉक्सचा होता, ज्याचं ऑइल लाल असतं, आणि इंजिनाचा थोडा पलीकडे. हाताला जुनी सवय; हात तिथे गेला. त्या एका चुकीवर सगळं उघडं पडलं. नाहीतर किती दिवस चाललं असतं, आणि कशानं थांबलं असतं?

मी बाहेर आले तेव्हा फोरमन तसेच पायरीवर बसले होते. कंडक्टर एका फडक्यानं त्यांचा हात पुसत होती.

"चावी," मी म्हटलं.

"देतो." त्यांनी खिशातून चावी काढली, फडक्याच्या कोरड्या टोकानं पुसली. पण लगेच दिली नाही, मुठीत धरली. "तुला खरं सांगू? मला वाटलं, गाडी गेली की मग मी राहतो कोण. खुर्चीत बसवून ठेवलेला म्हातारा. हिला शाळेत पोचवतो म्हणून सकाळी उठायचो."

मला त्यांची कीव आली आणि त्याच दमात इतका संताप आला की दोन्हीचं काय करावं कळेना. "तुम्हाला सकाळी उठायला कारण हवं होतं," मी म्हटलं, "आणि ते कारण माझी पोर होती."

त्यांनी मूठ उघडली. चावी माझ्या हातावर ठेवायला गेले आणि ती हाताच्या बाजूनं खाली पडली. मी उचलली.

"गाडी चालू करू नको आता," ते म्हणाले. "गिअरचं ऑइल सगळं गेलंय. हलवलीस तर गिअरबॉक्स जळेल. आणि त्याचं ऑइल कंपनीनं सांगितलंय तेच आण. स्वस्तातलं बघू नको. तिथे माझं ऐकू नको."

संध्याकाळी हे आले. मी दारातच सांगितलं. यांनी बूटही काढले नाहीत. पहिलं वाक्य काय, तर "अगं पण त्यांच्या हाताला डोळे..." आणि अर्ध्यात थांबले. हेच वाक्य ऐकत मोठं झालेलं माणूस. मग अंगणात गेले, ठोकळ्यांवर चढलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली, घमेल्यातलं लाल ऑइल बघितलं आणि वडिलांच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत गेले नाहीत. आतून फोरमन म्हणाले, "कोण आहे?" तेव्हा हे भिंतीला टेकले. बाप आपल्याला दारातून ओळखत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

सोमवारी मी दुकानात फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. शाळेत पायी निघायचं ठरलं. फोरमन कपडे करून फाटकात हजर.

"मी येतो," ते म्हणाले. "चालायला तर परवानगी आहे?"

मी बोलतच नव्हते त्यांच्याशी. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागलं असतं. तिघं निघालो. कंडक्टर मध्ये, एक हात माझ्या हातात, एक आजोबांच्या. आणि ती सवयीनं बोलत होती. पायरी. खड्डा. स्कूटर. आजोबा, डावीकडे कुत्रा झोपलाय. फोरमन त्याबरहुकूम पाय टाकत होते, एकदाही न अडखळता. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, वा, काय तब्येत आहे म्हाताऱ्याची.

चौकात आलो. "टिंग," ती म्हणाली, आणि फोरमन जागच्या जागी थांबले. सिग्नल लाल होता.

तेवढ्यात पलीकडच्या फुटपाथवर तिची मैत्रीण दिसली. नवं दप्तर होतं तिच्या पाठीला, चाकांचं. हिनं आम्हा दोघांचेही हात सोडले. सिग्नल हिरवा झाला, लोक निघाले, आणि कंडक्टर त्यांच्यात मिसळून धावत पलीकडे गेली, दप्तराला हात लावून बघायला. मुलं ती. विसरली.

फोरमन उभेच होते. लोक त्यांना वळसा घालून जात होते, कोणाचा तरी खांदा लागला, कोणी "चला की काका" म्हणालं. ते मान किंचित तिरपी करून, पाय उचलायच्या बेतात, वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. इतका विश्वास मी कोणाच्या चेहऱ्यावर बघितलेला नाही. टिंग टिंग येईल, की मग निघायचं.

ती एकदा विसरली, आणि आम्ही फुटपाथवर होतो. ती दोघं गाडीत असती आणि ती विसरली तो सिग्नल लाल असता तर, हे मनात आलं आणि मी चौकातल्या खांबाला धरून उभी राहिले.

हिरवा लुकलुकायला लागला होता. फोरमन अजून तिथेच, रिकामा हात पुढे धरून.

मी त्यांच्याशी बोलत नव्हते. मी तो हात धरला. ऑइलचा वास अजून गेला नव्हता त्याला.

"टिंग टिंग, बाबा," मी म्हटलं, आणि ते निघाले.